खापर मोबाइलवर, घराला क्लीन चिट

पालकसभेत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, "कोरोनानंतर मुलं पार बदलली हो." कारणही लगेच हजर असतं, "मोबाइलनं वाट लावली." सगळ्या माना हलतात आणि चर्चा स्कूलबसच्या भाड्याकडे वळते. मोबाइल उलट बोलत नाही, त्यामुळे त्याच्यावर खापर फोडणं सोपं आहे. पण मार्च २०२० पासून पुढची जवळपास दोन वर्षं ही मुलं राहिली कुठे? आपल्याच घरात, चोवीस तास, आपल्या डोळ्यांसमोर. त्या घराची झडती कुणी घेतलेली नाही. आज ती घेऊ या.

सुरुवात सरकारपासून करतो, कारण दारं लावून घेण्याचा हुकूम तिथून निघाला. पहिल्या लाटेत तो निघणारच होता. रोग नवा होता, दवाखाने तोकडे होते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती पुढे काय आधी उघडलं आणि काय शेवटी, याबद्दल. महाराष्ट्रातल्या शाळा मार्चच्या मध्यावर बंद होऊ लागल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता, तो झालाच नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशात पासष्टीपुढचे वृद्ध, गरोदर बायका आणि दहा वर्षांखालची मुलं यांनी घरातच थांबावं, असं कलम आलं आणि अनलॉक सुरू झाल्यावरही ते कितीतरी महिने तसंच राहिलं. राज्यात ४ मे २०२० ला दारूची दुकानं उघडू लागली. ५ ऑगस्टला मॉल उघडले. ५ ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार उघडले. मुंबईतल्या पहिली ते सातवीच्या मुलांना वर्गात पाऊल ठेवायला १५ डिसेंबर २०२१ उजाडला, आणि जानेवारीत रुग्ण वाढले तसे ते वर्ग परत बंद झाले.

दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा. डेन्मार्कनं १५ एप्रिल २०२० लाच पाळणाघरं आणि धाकट्यांचे वर्ग उघडले, इतर बऱ्याच गोष्टींच्या आधी. स्पेननं तर मुलांना सहा आठवडे दाराबाहेरही पडू दिलं नव्हतं. पण २६ एप्रिलला तिथे नियम आला की चौदा वर्षांखालच्या मुलांनी रोज एक तास, एका मोठ्या माणसासोबत, घरापासून एक किलोमीटरच्या आत फिरायला हरकत नाही. मुलाचा एक तास त्या सरकारच्या कागदावर मांडला गेला. आपल्याकडे निघालेल्या ढीगभर आदेशांत दुकानाची वेळ होती, बारची वेळ होती, लग्नाला किती माणसं ते होतं. मुलाच्या खेळासाठी राखून ठेवलेला तास मात्र माझ्या तरी पाहण्यात आला नाही.

याचा अर्थ सरळ होता. मूल ही घराची बाब, घरानं बघून घ्यावं. "घरी राहा, सुरक्षित राहा" असं सगळीकडे झळकत होतं तेव्हा घर सुरक्षित आहे हे गृहीत धरलं होतं. २० ते ३१ मार्च २०२० या दिवसांत चाइल्डलाइन या मुलांच्या मदतवाहिनीच्या १०९८ या क्रमांकावर देशभरातून तीन लाखांवर फोन आले. त्यांतले सुमारे ९२ हजार फोन छळापासून आणि हिंसेपासून वाचवा म्हणून होते. टाळेबंदीचा पहिला आठवडाही धड सरला नव्हता.

आता घराच्या आत जाऊ. पैसा आटला की मुलाचं नेमकं काय होतं? आपला समज असा की मूल गरिबीनं कोमेजतं. अमेरिकेत १९२९ नंतर महामंदी आली, त्या काळात कॅलिफोर्नियातल्या ओकलंड आणि बर्कली या शहरांत काही मुलांच्या वाढीच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञानं पुढे त्या नोंदी बाहेर काढल्या, नीट लावल्या आणि १९७४ मध्ये त्यांतल्या ओकलंडच्या मुलांवर पुस्तक लिहिलं. या कामातून दिसलं ते असं: मिळकत बुडते, बाप चिडका होतो, आज ज्या गोष्टीवर हसला त्याच गोष्टीवर उद्या हात उगारतो, नवराबायकोत खटके उडू लागतात, आणि पैशाचा मार मुलाला लागतो तो या वाटेनं. जिथे बापानं तोल सांभाळला तिथे तेवढीच मिळकत बुडूनही मूल बरंचसं सावरलेलं होतं. १९८९ पासून रँड काँगर आणि एल्डर यांनी शेतीच्या संकटात सापडलेल्या आयोवा राज्यातली ४५१ कुटुंबं वर्षानुवर्षं अभ्यासली. तिथेही कर्ज, आईबापाची उदासी, घरातली भांडणं आणि मुलाचं खचणं अशी तीच साखळी दिसली. विदर्भ-मराठवाड्यातल्या पोरांना हे कळायला आयोवाला जावं लागत नाही. वसुलीवाला दारातून गेला की त्या रात्री मार कुणाला बसतो, हे त्यांना पाठ असतं.

कोरोनात ही साखळी एकाच वेळी लाखो घरांत सुरू झाली, आणि बाप बाहेर जाऊ शकत नव्हता. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या गिरणगावातल्या, धारावीतल्या, भोसरीतल्या घरांचं गणित असं असतं की बाप दिवसभर बाहेर असतो म्हणून ते घर मावतं. तो नाक्यावर, कट्ट्यावर, कामावर असतो. तो दिवसभर त्याच खोलीत बसला, खिशात पैसा नाही, मालक फोन उचलत नाही, आणि समोर मूल मोठ्यानं पाढे म्हणतंय. त्या माणसाला मी राक्षस म्हणणार नाही. पण त्याच्या ओरडण्याचं मुलाच्या मनावर काय झालं, हे त्याच्या अडचणीमुळे पुसलं जात नाही.

पिंपरी-चिंचवडच्या एका शाळेत सहावीला शिकवणारी माझी एक मैत्रीण आहे. ती म्हणते, "वर्गात मी मुलं बघायचे, ऑनलाइनमध्ये मी घरं ऐकली." कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्या टीव्हीचा आवाज, लहान भावाचं रडणं, कुणाच्या तरी आजोबांचा न थांबणारा खोकला. तिच्या वर्गातला एक मुलगा, प्रत्येक प्रश्नाला पहिला हात वर करणारा, एकाएकी माइक सुरू करेनासा झाला. तिनं एक दिवस त्याचं नाव घेऊन सांगितलं, "अनम्यूट कर, उत्तर तुलाच येणार आहे." त्यानं केलं. त्याच्या आवाजाआधी सगळ्या वर्गानं त्याच्या बापाचा आवाज ऐकला, "भाडं कुठून देऊ? माझं कातडं विकू?" पाठोपाठ काहीतरी भिंतीवर आपटल्याचा आवाज. मुलाचा चौकोन काळा झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं निरोप पाठवला की नेट नव्हतं. पुढे बरेच दिवस त्याच्या घरी नेट नव्हतं.

बाप एका छोट्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचे सुटे भाग घासायला होता. वर्कशॉप बंद पडलं होतं. माझ्या मैत्रिणीनं बापाला फोन केला आणि अभ्यासाचं अवाक्षर काढलं नाही. घरात शिधा आहे का, एवढंच विचारलं. शिक्षकांनी मिळून दोन महिन्यांचा किराणा पोचवला. मुलाला तिनं सांगितलं की उत्तरं रात्री गच्चीवर जाऊन रेकॉर्ड करून पाठव, मी झोपण्याआधी ऐकीन. त्यानं पाठवली. बापाचा आवाज लगेच बदलला असं नाही, पण गच्चीवरची ती दहा मिनिटं त्या मुलाची स्वतःची होती. हे तिला कुठल्या परिपत्रकानं सांगितलं नव्हतं. "शाळा बंद, पण शिक्षण आहे" अशी राज्याची मोहीम तेव्हा जोरात होती, रोजच्या अभ्यासमाला पालकांच्या फोनवर येऊन पडत होत्या. मूल ज्या घरात बसून तो अभ्यास करतंय तिथे काय चाललंय, हा रकाना त्यात नव्हता. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' संस्थेनं २०२० मध्ये देशभर पाहिलं तेव्हा शाळेत नाव असलेल्या मुलांच्या ग्रामीण घरांपैकी ६१.८ टक्के घरांत स्मार्टफोन होता. म्हणजे दर दहांतल्या जवळपास चार घरांत तो नव्हताच. तिथल्या मुलांच्या उदासपणाचं खापर कुठल्या मोबाइलवर फोडणार?

आता आपल्या घरांकडे, म्हणजे ज्यांचा पगार चालू होता त्यांच्याकडे. आपल्याकडे लॅपटॉप होता, वायफाय होतं, बहुतेकांकडे मुलाला दार लावून बसायला खोली होती. आईबाबा दोघंही घरात. मुलाच्या वाट्याला त्यातलं काय आलं? "शूऽऽ, कॉल चालू आहे." दिवसातून कितीदा तरी. बाबा दिसतायत, हाताच्या अंतरावर आहेत, आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. ऑफिसला जाणारा बाप संध्याकाळी तरी परत यायचा. घरून काम करणारा बाप रात्री अकरालाही परत आलेला नसायचा. आईचं विचारूच नका. मोलकरीण बंद, तीन वेळचा स्वयंपाक, भांडी, तिची स्वतःची नोकरी, आणि वर मुलाच्या प्रत्येक तासाला शेजारी बसून "व्हिडिओ ऑन कर, नीट बस." शाळेत चुकलं तर एक बाई बघायच्या. घरात चुकलं तर आई तिथल्या तिथे चिमटा काढायची. मुलाला चुकायलासुद्धा जागा उरली नाही.

एनसीईआरटीनं जानेवारी ते मार्च २०२२ मध्ये, तिसरी लाट चालू असताना, देशभरातल्या सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांना विचारलं की चिंता कशाची वाटते. ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल असं सांगितलं. आजूबाजूला माणसं गेली होती, घरंच्या घरं आजारी पडून उठली होती, आणि मुलांच्या छातीत धडधड होती मार्कांची. ही भीती मूल आईच्या पोटातून घेऊन येत नाही. ती रोज संध्याकाळी जेवणाच्या ताटासोबत वाढली जाते, आणि साथीच्या दोन वर्षांतही आपण ती वाढायची थांबलो नाही.

दहावीच्या २०२१ च्या मुलांचं तर सांगायलाच नको. परीक्षा मोठ्यांनी रद्द केली. गुण कसे द्यायचे ते मोठ्यांनी ठरवलं. जुलैत निकाल लागला, ९९.९५ टक्के. आणि त्याच मोठ्यांनी, काका-मामांनी, शेजाऱ्यांनी, नातेवाइकांच्या ग्रुपनं त्या मुलांचं नाव ठेवलं, 'कोरोना बॅच'. पेढे हातात घेऊन म्हणायचे, "तुमचं बरंय, परीक्षा न देता पास." पंधरा-सोळा वर्षांच्या पोरानं वर्षभर परीक्षा होणार की नाही या टांगत्या अवस्थेत अभ्यास केला, मित्र भेटले नाहीत, कुणाच्या घरी मरण झालं, आणि त्याच्या कष्टाची किंमत घरच्यांनीच अशी शून्य केली. त्यांतली कितीतरी मुलं पुढे महाविद्यालयात गप्प बसायला शिकली. थट्टा म्हणून हे सोडून देता येणार नाही.

पण सगळ्यात मोठा अन्याय आपण केला तो मरणाच्या बाबतीत.

एप्रिल-मे २०२१ आठवा. रुग्ण दवाखान्यात गेला की परस्परच गेला. देह घरी आला नाही. अंगणात माणसं जमली नाहीत, कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही, दहावा-तेरावा चार माणसांत उरकला. आपल्याकडे घरात मरण झालं की मुलाला दुःख कसं करायचं हे कुणी शिकवत नाही. ते भोवती बघून शिकतं. आजी रडतात, आत्या येऊन पाठीवरून हात फिरवतात, शेजारीण पिठलं-भात घेऊन येते, आणि मुलाला कळतं की असं झालं की असं असतं. ते सगळं त्या उन्हाळ्यात गेलं. उरली फक्त मोठ्यांची कुजबुज.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची, तेव्हा नववीत असलेली मुलगी. तिची आई दवाखान्यातच गेली. घरातल्या मोठ्यांनी बसून ठरवलं, दहावा होईस्तोवर पोरीला सांगायचं नाही, ती सहन करू शकणार नाही. हे ठरवताना एक गोष्ट कुणाच्या डोक्यातच आली नाही. पोरगी बापाच्या फोनवरून शाळा करत होती. सकाळी तास सुरू व्हायच्या आधीच फोन वाजू लागला. आईचा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मग दुसरा, मग तिसरा, हात जोडलेले, फुलं वाहिलेली. तिनं ते सगळं वाचलं. आणि कुणालाच काही बोलली नाही, कारण आपल्याला हे कळू नये अशी घरच्यांची इच्छा आहे हे तिला कळलं होतं. दहावा होईपर्यंत ती आई कशी आहे म्हणून विचारत राहिली, आणि मोठी माणसं 'सुधारतेय' म्हणून सांगत राहिली. तिच्या मावशीला हे तिनं सांगितलं ते तब्बल वर्षानं. मावशीनं मला सांगितलं तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं.

ती पोरगी मोठ्यांना सांभाळत होती. तिला सांभाळायला त्या घरात कुणीच नव्हतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण तिला सांभाळतोय.

नॉर्वेच्या तेव्हाच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी १६ मार्च २०२० ला फक्त मुलांसाठी पत्रकार परिषद घेतली. मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आणि एकाच वेळी इतकं सगळं घडत असताना भीती वाटली तर त्यात काही चूक नाही, असं सांगितलं. देशाच्या पंतप्रधानांना जे जमलं ते आपल्याला आपल्या स्वयंपाकघरात जमलं नाही. आपण मुलाला दोनच गोष्टी सांगतो. भीती वाटली तर "एवढा मोठा मुलगा आणि घाबरतोस?" आणि कुणी गेलं तर "देवाघरी गेले." चार वर्षांचं मूल देवाघराहून परत येणाऱ्या गाडीची वाट बघत बसतं, कारण गावाला गेलेली माणसं परत येतात हे त्यानं पाहिलेलं असतं. त्याहून वाईट एक वाक्य त्या काळात घराघरांत बोललं गेलं, "तू खाली खेळायला जातोस, आजीला काही झालं तर तुझ्यामुळे." सात-आठ वर्षांच्या मुलाला हे वाक्य शब्दशः खरं वाटतं. काही घरांत त्यानंतर आजी खरोखर गेल्या. त्या मुलाला पुढे कुणी जवळ घेऊन सांगितलं का, की बाळा, तुझ्यामुळे नाही? तुमच्या घरात हे वाक्य बोललं गेलं असेल तर आजही सांगायला उशीर झालेला नाही, पण सांगावं लागेल.

लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेडला युद्धात सापडलेल्या मुलांसाठी बालगृहं चालवली. १९४३ च्या त्यांच्या पुस्तकात नोंद आहे की बॉम्बपेक्षा घरच्यांपासूनची ताटातूट लहान मुलांना जास्त मोडत होती, आणि आई शांत असेल तर मूल हल्ल्याच्या रात्रीही बऱ्यापैकी झोपत होतं. ऐंशी वर्षांपूर्वीचं हे ज्ञान आहे. आपल्या कुठल्याही कोविड केंद्राच्या नियमावलीत आई दाखल झाल्यावर घरी राहिलेल्या मुलाशी तिचं रोज बोलणं करून द्यायचं काम कुणावर सोपवलं होतं, असं माझ्या तरी पाहण्यात आलं नाही. काही परिचारिकांनी स्वतःच्या फोनवरून ते केलं. त्यांचे उपकार कुठल्या कागदावर नाहीत.

मुलींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते कितीही लांबवलं तरी संपणार नाही. शाळा बंद झाल्यावर मुलगा 'घरी बसला' आणि मुलगी 'कामाला आली'. पाणी, भांडी, धाकटी भावंडं, आजारी आजोबा. बीड-जालन्याकडे, आणि इतरत्रही, कितीतरी बापांनी हिशेब केला की लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी आहे, खर्च वाचतो, उरकून टाकू. पंधरा वर्षांच्या पोरीचं दप्तर गेलं आणि सासर आलं. त्या पोरीच्या मनाचं काय झालं असेल, हे तिला आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही. तिचं लग्न कुठल्याही विषाणूनं लावलेलं नव्हतं.

या सगळ्यात बरी राहिलेली मुलंही होती, आणि त्यांच्याकडे बघायलाच हवं. काहींना शाळा म्हणजेच छळ होता. चिडवणारी पोरं आणि मारकुटे गुरुजी सुटल्यानं ती घरी फुलली. काहींना बाप पहिल्यांदा दिसला आणि तो चांगला निघाला, पत्ते खेळणारा, गोष्टी सांगणारा. अमेरिकेत शाळेआधीच्या वयाच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात २०२१ मध्ये दिसलं की ज्या घरात जेवण, झोप, खेळ यांच्या वेळा ठरलेल्या राहिल्या तिथली मुलं कमी उदास आणि कमी आक्रस्ताळी होती. घराची मिळकत, अन्नाची ओढाताण, आईची स्वतःची उदासी हे सगळं हिशेबात धरूनही. रोज सातला जेवण. रोज रात्री दिवा मालवायच्या आधी पाच मिनिटं गप्पा. यांना पैसा लागत नाही, पण आईबापांत तेवढं त्राण उरावं लागतं. एल्डरच्या नोंदींतही एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. मंदीत ज्या थोड्या मोठ्या मुलांवर घराची खरी जबाबदारी पडली, ज्यांच्या हातभाराची घराला गरज होती, ती पुढे खंबीर निघाली. आपल्या हातून कुणाचं तरी अडलेलं काम होतंय हे मुलाला कळणं ही मोठी ताकद आहे. अर्थात ती जबाबदारी झेपेल एवढी हवी. वीटभट्टीवर पाठवलेल्या पोराला हे लागू करणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्याशी बोलणार नाही.

आता पुन्हा सरकारकडे. आईबाप दोघंही गेलेल्या मुलांसाठी केंद्रानं मे २०२१ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये मिळतील अशी योजना आणली. राज्यानं जूनमध्ये पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली. चांगलं केलं, मनापासून म्हणतो. एक पालक गेलेल्या मुलाच्या वाट्याला बालसंगोपन योजनेचे तेव्हा महिना अकराशे रुपये होते. मुदत ठेव मात्र रात्री दचकून उठलेल्या मुलाजवळ बसत नाही. त्यासाठी माणूस लागतो, आणि माणसाची पुरेशी तरतूद कुणी केली नाही. युनिसेफनं २०२१ मध्ये एकवीस देशांतल्या १५ ते २४ वयाच्या तरुणांना विचारलं, मनाचा त्रास असेल तर मदत घेणं चांगलं का? सगळे देश मिळून सरासरी ८३ टक्के 'हो' म्हणाले. भारतात ४१ टक्के. "आपल्या घरातलं बाहेर कशाला?" हे वाक्य त्या उरलेल्यांनी आपल्याच तोंडून ऐकलंय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी जीव दिला, त्यातले १,८३४ महाराष्ट्रातले, देशात सगळ्यात जास्त. त्याच वर्षी सर्व वयांच्या आत्महत्यांमागचं सगळ्यात मोठं नोंदलेलं कारण कौटुंबिक अडचणी हे होतं, ३३.२ टक्के. एकेका जिवामागे कारणं अनेक असतात, एकट्या घरावर बोट ठेवणं चूक ठरेल. पण घराचं नावच न घेणं ही त्याहून मोठी चूक आहे, आणि ती आपण रोज करतो.

म्हणून मागणी करतो. पुढच्या साथीच्या आराखड्यात खाटा आणि ऑक्सिजन यांच्याच पानावर चार ओळी लिहा. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात पहिल्या आठवड्यात रोख पैसे, कारण बापाचा आवाज तिथून चढतो. गल्लीतलं मैदान रोज एक तास फक्त मुलांसाठी. प्रत्येक शिक्षकाचा प्रत्येक घरी आठवड्यातून एक फोन, ज्यात अभ्यास विचारायचा नाही. आणि ज्या घरात मरण झालं तिथे पंधरा दिवसांच्या आत मुलाशी बोलणारा प्रशिक्षित माणूस. शाळांनी तर साथीची वाट बघायचीही गरज नाही. १०९८ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हे दोन क्रमांक मुलांच्या प्रसाधनगृहाच्या दारामागे, जिथे वाचताना कुणी बघत नाही तिथे, रंगवून टाका.

आणि आईबाबांनो, आज रात्री मुलाला विचारा की त्या दोन वर्षांतलं त्याला काय आठवतं. ते बहुतेक "काही नाही" म्हणेल. ठीक आहे, आठ दिवसांनी परत विचारा. बोलायला लागलं तर "पण आमचीही परिस्थिती तशी होती" हे वाक्य गिळा. परिस्थिती तशीच होती, खरं आहे. ते नंतर सांगता येईल. आधी त्याचं पुरतं ऐकून घ्या.